रिकाम्या पोटाची भीती

मूळचे आम्ही महाडकडचे, पण माझा जन्म परळचा, चाळीतला, आणि काय सांगू तुम्हाला, भाईंदरला येईपर्यंत मी दिवसाढवळ्या बंद दार कधी बघितलंच नव्हतं. सासरही तिथेच, दोन चाळी सोडून. मग पिंकी झाली, जागा पुरेना, म्हणून आमच्या ह्यांनी खोली विकून भाईंदरला खारी गावाच्या बाजूला वन रूम किचन घेतलं. घरात स्वतःचा नळ, स्वतःचा संडास, मी तर हरखूनच गेले होते. हे सकाळी कामावर जायचे ते अंधार पडल्यावरच यायचे, आणि मी नि पिंकी दार लावून आत. बिल्डिंगमध्ये सगळेच दार लावून राहायचे, मग आपणच उघडं कसं ठेवणार.

तळमजल्यावर एक म्हातारे काका एकटे असायचे, ते गेले, आणि दोन दिवस कुणाला पत्ताच नाही हो. शेवटी वॉचमनने दार तोडलं. झालं, त्या दिवसापासून माझ्या मनाने जे घेतलं ते घेतलं. मला काही झालं तर? पिंकी एवढीशी, तिचा हात वरच्या कडीला पोचत नाही, ती आत, मी आत, आणि हे येणार रात्री. भांडी घासताना तेच, कपडे वाळत घालताना तेच. छातीत धडधड, हातपाय गार, श्वास अर्ध्यावर अडकायचा, आणि आता मी मरणार असंच वाटायचं. ह्यांना काही बोलले नाही. माणसाने एवढी ओढाताण करून घर घेतलं, त्याला काय सांगणार, मला तुझ्या घरात भीती वाटते म्हणून?

मग मी देवाला धरलं. सोमवार तर आधीपासून होताच, गुरुवार धरला, मावशी बोलली शनिवारही धर, मारुती पाठीशी राहतो, तो धरला. संकष्टी तर आमच्या घरात होतीच. आता गंमत बघा, म्हणजे तेव्हा गंमत नव्हती, भीती वाटली की मी उपवास धरायचे, उपवासाला नुसता चहावर चहा, त्याने गरगरायचं, आणि गरगरलं की आणखी भीती. आपणच चूल पेटवतोय हे कळत नव्हतं बघा. मला वाटायचं देवाला अजून कमी पडतंय.

एकदा संकष्टी आली शुक्रवारी, पावसाळ्याचे दिवस, आभाळ भरलेलं. कॅलेंडरात चंद्रोदयाची वेळ लिहिलेली असते, हे बोलले तेवढी वेळ झाली, ओवाळ आणि जेव. पण मी? चंद्र बघितल्याशिवाय जेवले आणि ह्यांनाच काही झालं तर? खिडकीत बसून राहिले, चंद्र काही दिसला नाही, तशीच झोपले. आणि दुसऱ्या दिवशी शनिवार. ह्यांना डबा दिला, स्वतःसाठी चहा ठेवला, आणि ओट्यापाशीच डोळ्यांपुढे काळं आलं.

पडले ती उठताच येईना. पण ऐकू सगळं येत होतं, तेच तर भयंकर. चहा उतू गेल्याचं ऐकलं, गॅस विझला, फुस्स असा आवाज नुसता, आणि वास यायला लागला. पिंकी आई आई करत हलवतेय, मी बोलायला जाते तर जीभच वळत नाही. मग ती दाराकडे गेली, दार बडवून रडायला लागली. देवा, ज्याची भीती तेच समोर. समोरच्या गुजराती कोकिलाबेन बाहेरून ओरडताहेत, बेटा रो मत, स्टूल ला, स्टूल के ऊपर चढ. पिंकीने बाथरूममधलं स्टूल ओढत नेलेलं मला ऐकू येतंय, आता ही पडेल, डोकं फुटेल, आणि मी जमिनीवर. कडी वाजली. बेन आत आल्या, गॅस बंद, खिडक्या उघड्या, माझ्या तोंडाला साखरपाणी. कल क्या खाया था, बोलल्या. मी बोलले, उपवास. आज? उपवास. त्या कपाळावर हात मारून बोलल्या, अरे बेन, मैं भी व्रत करती हूँ, मगर ऐसे कोई मरता है क्या.

डॉक्टरांनी हृदय तपासलं, ठणठणीत निघालं. बोलले, सकाळी उठल्यावर आधी काहीतरी खा, चहा नंतर, आणि दिवसभर कोंडून घेऊ नका. एवढंच. पण सोपं का होतं ते? पहिल्या शनिवारी वरणभात घेऊन बसले, दोनदा ताट झाकून ठेवलं, शेवटी जेवले, आणि वाटलं आज हे घरी येत नाहीत. संध्याकाळी बेल वाजली तेव्हा मी दारातच रडले, आणि तेव्हा सगळं सांगितलं ह्यांना. हे बोलले, वेडे, मला सांगायचं ना.

आता दार उघडं असतं, जाळीचं तेवढं लावते. दुपारी बेन नि मी जिन्यात बसून भाजी निवडतो, सकाळी मिठागराच्या बाजूला जरा चालून येते. सोमवार ठेवलाय, पण खिचडी, केळं खाऊन. भीती अजून येते, नाही कशी, आली की बेनना हाक मारते, बोलते, आली बघा. बोलून टाकलं की जरा उतरते.

पण एक गोष्ट मनाला खाते हो. पिंकी आता चौथीत आहे. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी विचारते, आई, जेवलीस? मी हो बोलले तरी मोरीत जाते, माझं खरकटं ताट आहे का बघते, मग कुठे तिचा जीव भांड्यात पडतो. एवढ्याशा पोरीने काय काय मनात ठेवलंय. म्हणून हल्ली मी तिच्यासाठी थांबते, तिच्या समोर बसून जेवते, पोटभर, पाणी पिऊन चांगली ढेकर देते. ती बघत असते. बघू दे. बघता बघता एक दिवस विसरेल विचारायला, मग मी जिंकले.