येरमाळ्याच्या मैदानावरील पाहणीचा दिवस

जबाब
दि. २४/०१/२०२६, वेळ दुपारी २.१०

मी उमादेवी शिवलिंग तोडकरी, वय ६४ वर्षे, शिक्षण बी.ए., बी.पी.एड., व्यवसाय सेवानिवृत्त क्रीडाशिक्षिका, रा. येरमाळा, ता. कळंब, जि. धाराशिव. मला कोणीही बोलावलेले नसताना स्वतःहून ठाण्यात हजर होऊन सांगते की,

मी वरील ठिकाणी एकटी राहते. गावच्या मैदानावर गेली एकतीस वर्षे मुलींना खो-खो शिकवते. निवृत्तीनंतरही सराव बंद केलेला नाही. माझ्या विद्यार्थिनींपैकी तिघी पोलीस खात्यात आहेत.

मैदान मातीचे होते. नाल्याची माती चाळून, मुरूम मिसळून, पाणी मारून व रोलर फिरवून ते आम्ही तयार केले होते. दर शनिवारी मुली ओळीने बसून खडे वेचत. खो-खोत पळणारी मुलगी जवळ असून हात पोहोचत नसेल, तर पाठलाग करणारी जमिनीला समांतर अंग झोकून तिला शिवते. त्याला सूर मारणे म्हणतात. मऊ मातीवर सूर मारल्यास कोपर खरचटते. त्याहून जास्त काही झाल्याचे एकतीस वर्षांत मी पाहिलेले नाही.

गेल्या जूनमध्ये असे कळले की, आशियाई महिला खो-खो स्पर्धा आमच्या जिल्ह्यात होणार असून चार देशांचे साखळी सामने येरमाळ्यास मिळण्याची शक्यता आहे. गावात स्वागत समिती झाली. रणधीर नलावडे अध्यक्ष झाले. तेव्हापासून गावात दुसरा विषय नव्हता. शंभुलिंग यांच्या चहाच्या हॉटेलात माझ्यासमोर झालेले बोलणे असे :

"चार देशांच्या पोरी येणार म्हणं. आपल्या नळाला आठ दिसाला पाणी. त्यास्नी आंघोळीला काय घालणार?" असे शंभुलिंग म्हणाले.

"त्या आल्या तर रोज येईल की," असे महारुद्र बोधले म्हणाले. महारुद्र यांचे हायवेवर पंक्चरचे दुकान आहे. माझी विद्यार्थिनी शिवांजली, वय १६, ही त्यांची मुलगी.

"आन् त्या गेल्यावर?"

"गेल्यावर बी येईल. पाइप काय उकरून नेतेत व्हय सोबत?"

हायवेपासून मैदानापर्यंत डांबरी रस्ता झाला. तो मैदानाच्या फाटकाशी संपला, पुढे शाळेपर्यंत गेला नाही. पाहुण्यांच्या गाड्यांना हादरे नकोत म्हणून शाळेसमोरचे गतिरोधक काढले. लोक दिवसभर समितीला शिव्या देत आणि संध्याकाळी आपल्या घराच्या दर्शनी भिंतीला रंग देत. मीही दिला. हेही लिहून घ्यावे.

आंतरराष्ट्रीय सामने मॅटवर होतात. मॅटखाली सपाट पाया हवा म्हणून नोव्हेंबरमध्ये समितीने मैदानाच्या मातीवर सिमेंट काँक्रीट ओतण्याचा ठराव मांडला. मॅट कधी येणार, असे मी सभेत विचारले. "पायाच्या आधी मॅट येती का कुठं, बाई?" असे रणधीर म्हणाले. सभा हसली. ठरावावर मी सही केली. त्यानंतर मॅट आली नाही. मुलींचा सराव मी महारुद्र यांच्या सोयाबीन काढलेल्या वावरात घेत होते.

दि. १९ रोजी रणधीर घरी आले. दि. २१ ला पाहणी पथक येणार आहे, मॅट बंदरात अडकली आहे, तरी मुलींचे दहा मिनिटांचे प्रात्यक्षिक हवे, असे त्यांनी सांगितले. मॅटऐवजी मंडपवाल्याचे हिरवे मॅटिंग, जे लग्नात पाहुण्यांच्या पायाखाली अंथरतात ते, काँक्रीटवर अंथरून कडांना चिकटपट्टी मारणार होते. मी नकार दिला.

"पाहणीत नापास झालो तर सामने दुसऱ्या जिल्ह्यात जातेत, बाई," असे ते म्हणाले. "मग एकतीस वर्षं कशापायी घासली तुम्ही?"

मी दुपारपर्यंत विचार केला व होकार कळवला. त्यासाठी माझ्यावर कोणी बळजबरी केलेली नाही.

दि. २१ रोजी सकाळी मी बाराही मुलींना मॅटिंग हाताने सरकवून दाखवले व आज सूर मारायचा नाही असे बजावले. शिवांजलीला बाजूला घेऊन पुन्हा सांगितले, कारण ती सर्वांत चांगली खेळते. "गडी सुटला तरी चालेल. सूर नाही." ती म्हणाली, "व्हय बाई."

सव्वाअकराला पथक आले. दोन-अडीच हजार लोक होते. सासरी गेलेल्या मुली माहेरी आल्या होत्या. ढोल होता. पंच मी होते. तिसऱ्या मिनिटाला हर्षाली नावाची मुलगी खांबाला वळसा घालून निघाली. शिवांजली तिच्या मागे वीतभर कमी पडली. हात पोहोचत नसेल तर विचार करायचा नाही, सूर मारायचा, हे तिला मी सहा वर्षे शिकवलेले आहे. तिने सूर मारला. मॅटिंग तिच्यासकट सरकले. तिचे डोके खांबाच्या बुडाशी आदळले व मान वाकडी झाली.

हर्षालीला हात लागला होता. ती बाद झाल्याची शिट्टी मी वाजवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या किती वेळ चालल्या ते मला सांगता येणार नाही.

मी जवळ गेले तेव्हा ती शुद्धीवर होती. "बाई, रागवू नका. चुकून मारला," असे म्हणाली. मी तिला हलू नको म्हणाले. ती म्हणाली, "मी हलतच न्हाय."

मुलीला उन्हाने चक्कर आली असे सांगून पथकाला जेवायला नेण्यात आले. मैदानावर रुग्णवाहिका नव्हती. शिवांजलीला जीपमध्ये आडवे घातले. मान मी दोन्ही हातांनी धरून बसले. आधी धाराशिव व तेथून सोलापूरच्या एका रुग्णालयात नेले. तेथे डॉक्टरांनी माझ्यासमोर तिच्या तळपायाला टाचणी टोचली. ती छताकडे पाहत होती आणि मला विचारत होती, की आपण पास झालो का.

दि. २२ रोजी पास झाल्याचे पत्र आले. गावात गुलाल उधळला व फटाके वाजले. रात्री त्याच पत्राच्या प्रती हॉटेलात चिकटवल्या. ज्यांनी सगळ्यात जास्त कुरकुर केली होती ते शंभुलिंग त्या दिवशी फुकट चहा देत होते.

मुलगी घरी जिन्यावरून पडली, असा जबाब महारुद्र यांनी रुग्णालयात दिल्याचे मला समजले आहे. महारुद्र यांचे घर पत्र्याचे व एकमजली आहे. घराला जिना नाही. मी त्यांना रुग्णालयाच्या व्हरांड्यात विचारले. ते म्हणाले, "बाई, पोरीचं जे व्हायचं ते झालं. आता माझ्यामुळं गावाचं गेलं, तर तिला घेऊन मी राहू कुठं?" त्यांच्यावर खोटे बोलल्याबद्दल कारवाई करू नये, ही विनंती आहे.

स्पर्धेच्या उद्घाटनाला गावच्या मुलींचा सामना ठेवला असून उरलेल्या अकरा मुलींचा सराव आज सायंकाळी पाच वाजता त्याच काँक्रीटवर, त्याच मॅटिंगवर ठेवला आहे. मॅट अजून आलेली नाही. अकराही पालकांनी संमतीपत्रे दिली आहेत. मी घरोघर जाऊन आले. एकानेही परत घेतले नाही. म्हणून आज पहाटे मी मैदानाच्या फाटकाला कुलूप लावले. साडेनऊला गावकऱ्यांनी ते तोडले. त्यांत हर्षालीची आई पुढे होती. तीही माझी विद्यार्थिनी आहे. तिने मला हाताला धरून बाजूला केले व म्हणाली, "आमच्या पोरींच्या नशिबात आडवं पडू नका, बाई. तुम्हीच तर हे सपान दाखवलं." तिने मला ढकलले नाही.

माझी तक्रार कोणाविरुद्ध आहे असे विचारल्यावरून सांगते की, पहिले नाव माझे लिहावे. ठरावावर माझी सही आहे, होकार माझा आहे, सूर मी शिकवलेला आहे. समितीची नावे त्यानंतर घ्यावीत, ती ठरावाच्या खाली सह्यांसकट आहेत. मला अटक करायची असल्यास हरकत नाही. परंतु आधी कोणीतरी मैदानावर जावे. पाच वाजायला वेळ थोडा आहे आणि माझे तिथे आता कोणी ऐकत नाही.

माझे सांगणे एवढेच. लिहिलेले मला वाचून दाखवले, त्यानंतर मी चष्मा लावून स्वतः वाचले. शिवांजलीने सूर मारल्याच्या वाक्यात "दुर्दैवाने" असा एक शब्द आला होता, तो मी सांगितलेला नाही. तो खोडून शेजारी सही केली आहे. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे असून खरे आहे.

सही
(उमादेवी शिवलिंग तोडकरी)