रहाटाचं चाक धरायचं राहिलं

...आणि चारच्या चार मार्क कापले हो! आता तुम्हीच सांगा, विहिरीचं गणित आणि अल्फान्सो चुकेल? अहो, बोरीवलीच्या गावठाणात आमच्या दारातच विहीर! लग्नघरची माणसं नवरा-नवरीच्या अंघोळीचं, म्हणजे उंबराचं पाणी न्यायला निघाली की पुढे बँड, आणि बँडच्या पुढे ट्रम्पेट घेऊन कोण? मी! तीस वर्षं त्या विहिरीवर वाजवतोय, आणि मला म्हणे विहीर कळत नाही!

तर तुम्हाला सांगतो, लिओना, माझी पोरगी, बारावीला. फिजिक्स तिला तिची आईच शिकवायची. ल्युसी शाळेत टीचर होती ना... जानेवारीत गेली. जाताना एवढंच म्हणाली, "पोरीचं फिजिक्स सोडू नको रे." मी म्हटलं, नाही सोडत. म्हणायला काय जातंय, पुस्तक उघडलं आणि वाट लागली!

गणित काय? विहीर दहा मीटर, रहाटाच्या वीस किलोच्या भरीव चाकाला दोर गुंडाळलेला, टोकाला दहा किलोची बादली. दिली सोडून. पाण्यावर आपटताना वेग किती? अरे, पण बादली अशी सोडून देतं कोण? माझ्या आईने धोपटलं असतं! पुस्तक म्हणतं, ऊर्जा कुठे जात नाही, फक्त रूप बदलते. ऊर्जा कुठे जात नाही म्हणे! बरं बाबा. मी सगळीच्या सगळी ऊर्जा बादलीला देऊन टाकली. उत्तर चौदा.

"डॅडी, नक्की ना?"

"अगं, विहीर कुणाची?"

पोरीने टेस्टमध्ये तेच लिहिलं ना!

गेलो क्लासच्या सरांशी भांडायला. सर चष्म्यावरून बघत म्हणतात, "मिस्टर, उत्तर दहा. वीस किलोचं चाक फिरतंय ते दिसलं नाही? निम्मी ऊर्जा त्यानेच घेतली!" मी म्हटलं, ते तर जागचं हलत नाही! तर म्हणतात, "हलत नाही, पण फिरतं ना? फिरणं काय फुकट असतं?"

तुम्हाला सांगतो, भांडण तिथेच राहिलं. बावीस वर्षांचा संसार... वसई, उत्तन, गोराई, जिथे लग्न तिथे अल्फान्सो, लोकांच्या टाळ्या! आणि ल्युसी? पहाटे माझ्या युनिफॉर्मला इस्त्री, मग शाळा, मग माझ्या आईची औषधं, पोरीचा अभ्यास... जागच्या जागी, गरागरा. मी कधी धरलंच नाही हो तिला हिशेबात. रडू फुटलं, सरांच्या समोर! सर घाबरले, "अहो, रडू नका, स्टेप्सचे दोन देतो!"

ऊर्जा कुठे जात नाही म्हणे! मग ल्युसीची कुठे गेली? पूर्ण धडा चाळला, कुठेच दिलेलं नाही.

घरी लिओनाने परत सोडवलं. चाक धरून. आले दहा. मी हळूच विचारलं, "आणि चाक नसलंच तर?"

"नसलं तर चौदा, डॅडी. तुझंच उत्तर."

घ्या! आता घरात चाकच नाही, बादली सुसाट खाली चाललीय... आणि आता माझं उत्तर बरोबर!