मारुतीतून आलेलं स्थळ

गायत्री : कधीपासून बघताय, ती पाण्याची टाकी आहे. तिला बघायला तर नाही ना आलात?

कुंदन : नाही, नाही. तुमच्या पप्पांनी ‘गच्चीवर जाऊन दोन शब्द बोला’ म्हटलं, आणि जिन्यातच माझं सगळं पाठांतर गेलं.

गायत्री : पाठांतर कसलं?

कुंदन : मगनकाकांनी प्रश्न शिकवून पाठवलंय. शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, आवड कसली.

गायत्री : बारावी. येतो. आवड चौकशा करायची. झालं? आता मी विचारते. घ्यायचीच झाली तर फियाट घ्यावी की मारुती?

कुंदन : आँ?

गायत्री : उधन्याला गॅरेजात मिस्त्री आहात ना? मध्यस्थ तर तसंच म्हणाले.

कुंदन : आहे की. पण मुलगी बघायला गेलं आणि मुलीनं हे विचारलं, असं कधी ऐकलं नाही. कुणाला घ्यायचीय?

गायत्री : कुणाला नाही. आमच्या गल्लीत रिक्षा वळताना पंचाईत होते, गाडी कुठे ठेवणार? पण मला कळून घ्यायचंय.

कुंदन : मग ऐका. फियाट म्हणजे जाड पत्रा. बैलाच्या पाठीसारखी दणकट. कुठल्याही गावात बंद पडू द्या, झाडाखाली बसलेला मिस्त्रीसुद्धा चालू करून देतो. पण स्टिअरिंग जड, गिअरचा दांडाही त्यालाच, आणि हिवाळ्यात सकाळी तिची मनधरणी करावी लागते.

गायत्री : म्हणजे सासूबाई.

कुंदन : बराबर! आणि मारुती म्हणजे किल्ली फिरवली की निघाली. एव्हरेज मस्त, हलकी, गर्दीतून सुळकन निघते. पण पत्रा असा, की टेकून उभं राहायची भीती वाटते.

गायत्री : आणि अँबेसिडर?

कुंदन : ती गाडी नाही हो, ती धर्मशाळा. सगळं वऱ्हाड बसतं. कोंडाईबारीचा घाट चढून धुळ्याला गेलात तरी पाठ दुखणार नाही. फक्त पेट्रोल पिते. डिझेलची घ्यावी, पण ती मग आवाज करते.

गायत्री : तिचं पुढचं सीट सलग असतं. कव्हरला कापड लई लागतं.

कुंदन : हे तुम्हाला कसं ठाऊक?

गायत्री : ते राहू द्या. लोक जुनी फियाट सोडून मारुतीच्या मागे का लागलेत? परवडते म्हणून, की शेजाऱ्याला दिसते म्हणून?

कुंदन : खरं सांगू? निम्मे परवडते म्हणून. निम्मे, दारात उभी असली की पोरीचं लग्न लवकर ठरतं म्हणून.

गायत्री : आणि पोराचं?

कुंदन : ...पोराचंही.

गायत्री : मग तुमची कशी आहे? खाली उभी आहे ती पांढरी. किती देते लिटरला?

कुंदन : ती... तशी ठीक आहे. पण तुम्हाला सांगतो, ही नवीन झेन आलीय ना, तिचं इंजिन बघाल तर—

गायत्री : झेनचं नाही, तुमच्या गाडीचं विचारलं.

कुंदन : चांगली आहे. व्हॅनचं सांगायचं राहिलं बघा. धंद्याला व्हॅनसारखी दुसरी नाही. मागची सीटं काढली की साड्यांची पोटली—

गायत्री : जगातल्या सगळ्या गाड्यांवर बोलता, आणि आपल्या गाडीचं नाव काढलं की जीभ टाळूला. असं का?

कुंदन : उन्हानं असेल.

गायत्री : तिचं कव्हर मरून रंगाचं आहे. मखमली. ड्रायव्हरच्या सीटमागे कप्पा आहे, कारण बाईंच्या सासूबाईंना पानाचा डबा ठेवायला जागा हवी होती. कडेची शिवण पिवळी, आणि शेवटी वीतभर हिरवी, कारण माझा पिवळा दोरा संपला होता.

कुंदन : तुमचा?

गायत्री : रिंगरोडच्या दुकानाची कव्हरं मी घरी शिवते. दाताच्या डॉक्टरीणबाईंची गाडी आहे ती. तुम्ही उतरलात तेव्हा दार उघडं राहिलं आणि मी खिडकीत उभी होते.

कुंदन : म्हणजे पोहे आणलेत तेव्हाच तुम्हाला...

गायत्री : तेव्हाच. तुमचे काका पप्पांना सांगत होते, ‘पोरानं आपल्या कमाईतून घेतली.’ तुम्ही मान खाली घालून शेंगदाणे वेचत होतात.

कुंदन : आता काय तोंड दाखवू? सर्व्हिसिंगला आलीय. उद्या द्यायचीय. काका म्हणाले, ट्रायल घ्यायचीच आहे ना, मग इथे लिंबायतपर्यंत घे. रिक्षानं गेलो तर मिस्त्रीला कोण विचारतो?

गायत्री : आणि गॅरेजच्या शेठला कळलं तर?

कुंदन : दारात उभं करणार नाही. मला ते निघतानाच कळत होतं. तरी आलो, हा माझाच गाढवपणा. काकांच्या डोक्यावर खापर का फोडू?

गायत्री : मग इथे तरी सांगायचं होतं.

कुंदन : सांगणारच होतो, आईशप्पथ. पण तुम्ही फियाटचं विचारलंत. माझ्या कामाचं मला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. बोलत राहावंसं वाटलं. सांगितलं की उठून जाल, असं वाटलं.

गायत्री : मला बघायला याआधी दोघं आले. मी काय शिवते, ते एकानंही विचारलं नाही.

कुंदन : मी तरी कुठे विचारलं?

गायत्री : ‘तुम्हाला कसं ठाऊक’ म्हणालात. तेवढं तरी.

(खालून मारुतीचा हॉर्न वाजतो, पुन्हा वाजतो.)

कुंदन : काका! किल्ली त्यांच्याकडे आहे.

गायत्री : त्यांना चालवता येते?

कुंदन : नाही. हॉर्न तेवढा वाजवता येतो.

सरलाबाई : (जिन्यातून गच्चीवर येत) काय वं माय, झालं का नाही तुमचं? चला खाली. मगनभाऊ म्हनतात, समदे गाडीत बसून डुमसला जाऊ, दर्या पाहून येऊ. तुझे पप्पा तर बूट घालून बसले. मी बी लुगडं बदललं. गल्लीतल्या बाया नुसत्या पाहून राहिल्या!

गायत्री : आई, जरा थांब.

सरलाबाई : थांबू काय? पाव्हन्यांनी एवढ्या हौसेनं म्हटलं. कुंदनराव, तुम्हीच चालवनार ना? हळू चालवा बरं, माले मळमळतं.

कुंदन : मावशी, गाडी आमची नाही.

सरलाबाई : काय म्हटलं?

कुंदन : गॅरेजात आलेली आहे. एका बाईंची. मी न विचारता आणली. आमच्याकडे एक सायकल आहे, तीही भावाची.

सरलाबाई : अगं माय माय! आन् तुमचे काका तर म्हने—

कुंदन : काका खोटं बोलले आणि मी गप्प बसलो. दोन्ही सारखंच. डुमसला मी नेणार नाही. वाटेत कुणाची धडक बसली तर भरपाई कुठून करू? आत्ताच नेऊन ठेवतो. नंतर ह्यांच्या पप्पांच्या पाया पडून, मीच सांगतो... म्हणजे आधी सांगतो, मग नेतो.

सरलाबाई : समद्या गल्लीनं पाहिलं वं गायत्री! कलाबाई तर विचारून गेली, ‘जावई गाडीवाला का?’ आता मी कोन्या तोंडानं पान्याला जाऊ?

गायत्री : याच तोंडानं. कलाबाईचा जावई स्कूटरवर आला होता, ती स्कूटर कुणाची होती ते तिला विचार.

सरलाबाई : तुले आधीच माहीत होतं?

गायत्री : कव्हर मी शिवलंय, आई.

सरलाबाई : आन् तरी गच्चीवर बसून हसून राहिली होती? मी जिन्यातून ऐकलं.

गायत्री : फियाट कशी सासूबाईंसारखी, ते सांगत होते.

सरलाबाई : आता हसू नको. तुझे पप्पा भडकले ना, तर ह्याले बूट घालूनच हाकलतील. कुंदनराव, खरं बोलले, ते बरं केलं. पन उशिरा बोलले. आमची पोर काही गाडीच्या मोलानं द्यायची नव्हती. नुसतं मिस्त्री म्हनून आले असते, तर काय बिघडलं असतं?

कुंदन : काही नाही, मावशी. आता तेच वाटतं. येतो मी.

सरलाबाई : थांबा. पप्पांशी मी आधी बोलते. तुम्ही एकदम समोर जाऊ नका. गायत्री, तुझं काय? तुले तर अजून कोनी विचारलंच नाही.

गायत्री : आधी ह्यांना गाडी पोचवून येऊ दे.

कुंदन : परत येऊ? खरंच?

गायत्री : काकांना आणू नका.

कुंदन : नाही आणणार. पण उधन्याहून पायी यायचं म्हणजे वेळ लागेल. बसही रविवारी धड मिळत नाही.

गायत्री : लागू दे. मी जेवायची थांबते.