अडीच फुटांचं दार, सहा फुटांची होडी

आधी हे लिहा. सकाळी आठपासून मला बाकावर बसवलं, पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि खोटी तक्रार देणाऱ्या सुकदेवला खुर्ची दिली. लिहिलं? आता नाव घाला.

कलाबाई लोटू कोळी, वय अंदाजे बासष्ट, धंदा साड्यांचे धागे कापणे, शिक्षण दुसरी, राहणार कोसाड वसाहत, सुरत. मूळ गाव तापीकाठी, तालुका अमळनेर. तारीख १३ मे १९९६.

समक्ष सांगते की, माझा बाप तापीवर माणसं उतरवायचा. त्याची होडी एका अंगाला कलायची. तिच्यातच तो गेला. दिवाळीत सून सोनालीने पुडीच्या कागदावर शिडाच्या जोडहोडीचं चित्र पाहिलं. दोन अरुंद होड्या, वर आडवे बांबू. म्हणाली, "आत्या, ही कलत नाही." मी म्हटलं, "मग बघत काय बसलीस, करवत आण."

घराचं दार अडीच फुटांचं. माप मला पाठ होतं, मालक वारले तेव्हा त्यांना त्याच दारातून तिरपं काढावं लागलं होतं. म्हणून एकेक होडी दोन फुटांचीच केली. मुलगा योगराज कापडाच्या लूमवर कामाला असतो. त्याने पाय पसरायला जागा नाही म्हणून कुरकुर केली, बाकी काही केलं नाही. पहिली होडी होळीला झाली, ती मागच्या गल्लीत पालथी ठेवली. दुसरी घरात केली.

सुकदेव वसाहतीचा सेक्रेटरी आहे. ठोकाठोक ऐकून रोज विचारायचा, "आजी, दार तोडणार की होडी?" मी म्हटलं, "आधी तुझं तोंड बंद होऊ दे, मग ठरवते."

काल रविवारी दोन्ही होड्या हातगाडीवर नदीला नेल्या. काठावर तीन बांबू बांधून जोडल्या. रुंदी सहा फूट भरली. लूमच्या कापडाचं शीड, सुकाणू सोनालीकडे, मी मधोमध. पलीकडे जाऊन परत आलो. पाऊलही भिजलं नाही.

परतलो तर काठावर सुकदेव पोलीस घेऊन उभा. म्हणे, सहा फुटांची होडी त्या दारातून निघूच शकत नाही, घरातली घरातच अडकली असेल, ही हजिऱ्याच्या किनाऱ्यावरून चोरली. होडी जप्त केली, सोनालीला चोर म्हणून ठाण्यात आणलं.

आज अकराला फौजदारसाहेब आम्हा दोघींना आणि मापाची टेप घेऊन घरी आले. होडी मागवली. सोनालीने दोऱ्या सोडल्या. एक होडी दारातून आत नेली, बाहेर आणली. मग दुसरी. दोन्ही अंगांना चार-चार बोटं उरली. साहेब गुजरातीत म्हणाले, "माजी, बराबर छे." अख्ख्या वसाहतीने टाळ्या वाजवल्या.

सुकदेव म्हणाला, दोन होड्या इथे कुणी पाहिल्याच नाहीत. त्याची बायको मालतीबाई म्हणाली, "अहो, होळीपासून पापड मी कशावर वाळवतेय? खाताना बरे दिसले!"

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. सांगितलं तेच उतरलं आहे. सही येते, अंगठा मागू नये.

होडी आजच सोडा. सोनालीला पुन्हा बोलवायचं नाही. खोटी तक्रार का दिली, याचं उत्तर सुकदेवने द्यावं, आणि उभं राहून द्यावं.