एक दाणा मावेल एवढी फट

(आजोबांच्या पिठाच्या गिरणीत.)

नात: शिबिराला जाणार नाही म्हणजे नाही. शिबिरात अठरा मुली एकाच खोलीत झोपणार. मी झोपेत दात खाल्ले की सगळ्यांना ऐकू जाणार. आत्याच्या मुली काय म्हणाल्या माहितेय, आजोबा? रात्रभर उंदीर कपाट कुरतडत होता म्हणे.

आजोबा: उंदीर? घराण्याची अब्रूच घालवली की. अगं, माझी पणजी दात खायची तेव्हा शेजारीण तिच्या उशाशी गव्हाचा डबा ठेवून जायची. सकाळी पीठ तयार.

आई: बाबा, पोर रडकुंडीला आलीय आणि तुमच्या थापा चालल्यात.

आजोबा: थाप कसली? जाडं दळण हवं असेल तर तिला कुशीवर वळवायचं.

नात: आणि बारीक?

आजोबा: बारीक हवं तर उताणी.

आई: दातांच्या डॉक्टर काय म्हणाल्या ते सांग आजोबांना.

नात: वाढता वाढता बहुतेकांचं थांबतं म्हणाल्या. झोपताना जबडा सैल सोडायचा आणि मनातलं बोलून टाकायचं. पण सैल म्हणजे कसं? मला जमतच नाही.

आजोबा: गिरणीवाल्याची नात ना तू? मग कान दे. वरच्या पेटीतलं धान्य संपत आलंय. आवाज बदलला?

नात: करकरतंय.

आजोबा: दगडाला दगड लागला. आता मी काय केलं?

नात: चाक फिरवलंत. वरचा दगड उचललात.

आजोबा: हेच. रिकामी गिरणी दगड टेकवून चालवली तर ती स्वतःलाच खाते. ओठ मीट, दात सुटे ठेव. मधे एक दाणा मावेल एवढी फट. खरा दाणा नको हं, मनातला. जमलं? आता बोल, तुझ्या पेटीत काय साठलंय?

नात: ...वर्गात मोठ्यांदा वाचताना माझी जीभ अडते. सगळ्या हसतात.

आई: हे मला कधी बोलली नाहीस.

नात: तू 'शाळा कशी झाली' विचारतेस आणि ओटा पुसत राहतेस. मी 'बरी' म्हणते.

आई: आज ओटा राहू दे तसाच. सांग मला सगळं.

(आठवड्याने, त्याच गिरणीत.)

आई: ऐका हिचा प्रताप. शिबिरात पहिल्याच संध्याकाळी उभी राहिली आणि दातांचं आपणहून सांगून टाकलं.

नात: तुमच्या पणजीची गोष्टच सांगितली, आणि दगड उचलायची युक्तीही. मी त्यात शेजारणींची रांग लावली, पार कोपऱ्यापर्यंत.

आजोबा: माझ्या थापेला ठिगळ? आणि जीभ?

नात: अडली, दोनदा. पण रांगेत भांडण लागलं होतं ना. पुढचं ऐकायचं म्हणून सगळ्या थांबल्या.

आजोबा: आणि दात?

नात: दुसऱ्या रात्री वाजले. शेजारच्या मुलीनं हळूच हलवलं, म्हणाली, 'दगड उचल.' मी उचलला आणि झोपले.

आई: बाबा, डोळे का पुसताय?

आजोबा: पीठ गेलं. साठ वर्षांत पहिल्यांदाच. ये गं पोरी इकडे, या चाकाला हात लाव.

आई: मला लग्न होईपर्यंत त्या चाकाला शिवू दिलं नाहीत.

आजोबा: चुकलंच माझं. हिच्याकडून शिकून घे आता. हं, डोळे मीट पोरी. पेटी रिकामी होत आलीय. नुसत्या कानानं सांग, दगड टेकले का?

नात: थांबा... नाही अजून. एक दाणा मावेल.