भाकरी गोड लागेपर्यंत

आमच्या सूनबाईचं सांगतो. जीवरसायनशास्त्रात वर्षा एकदा नापास झालेली. पुन्हा झाली तर आहारशास्त्र सोडायचं, असं तिनंच ठरवलं होतं. पेपरच्या आदल्या दिवशी नवऱ्याला म्हणाली, "अहो, हा भाकरीचा तुकडा चावत राहा. लाळेनं पिठाची साखर होते. गोड लागला की सांगा."

चिरंजीव बराच वेळ चावत बसले. "काही गोड नाही लागून राह्यलं. तुयं पुस्तकच खोटं हाय."

वर्षाचा चेहरा उतरला. मग मी दुसरा तुकडा चावून पाहिला. गोड लागला!

"पुस्तक बरोबर हाय," ती नवऱ्याला म्हणाली. "तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊखाऊ तुमचीच चव गेली."

वर्षा पास झाली. चिरंजीवांनी खर्रा सोडला. परवा जेवताना ओरडले, "वर्षा, भाकरी गोड लागली!"

लग्नानंतर बायकोच्या स्वयंपाकाची ही पहिली तारीफ.