लांबलचक नंबर

दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई आणि त्यांची लेक.

“आई, बाबांचा फोन कापलास?”

“बाबांचा कुठला? कसला तरी लांबलचक नंबर होता. फसवणारे असतात मेले. तीनदा कापला, मग ब्लॉकच केला. तूच शिकवलंस ना?”

“अगं, जहाजावरचा सॅटेलाइट फोन तो! भर समुद्रात टॉवर कुठला? तो थेट उपग्रहाला लागतो. वर मोकळं आभाळ लागतं, म्हणून बाबा पावसात डेकवर उभे होते!”

“पावसात? आत बसून लावायचा की!”

“आत लागत नाही, आई! शेवटी मला लावला.”

“एवढं काय अडलं होतं?”

“तुझा रिपोर्ट काय आला, ते विचारायचं होतं.”

“…ब्लॉक करायला शिकवलंस. काढायला कोण शिकवणार?”